पाटीवर नसलेली खूण

गयाबाईचा पदर पट्ट्यात गेला तेव्हा आम्ही ओळीतल्या सगळ्या बायांनी मुठी वर केल्या, आणि इंजिनवाल्याने इंजिन थांबवायचं सोडून आणखी पळवलं.

मी तिच्या शेजारच्याच यंत्रावर होते. आधी पदर गेला, मग खांदा ओढला गेला, मग ती आडवी पडून पट्ट्याकडे सरकायला लागली. तोंड उघडं होतं पण आवाज ऐकू आला नाही. कापसाच्या जिनात कोणाचाच आवाज ऐकू येत नसे. मी एका हाताने मूठ वर धरली आणि दुसऱ्या हाताने तिचा पाय ओढत राहिले. पलीकडच्या कौसाबाईने मूठ केली, तिच्या पुढच्या बाईने केली, अशी खूण शेडच्या टोकाला खिडकीपर्यंत गेली. खिडकीपलीकडे इंजिनखोली. इंजिनवाल्याने मूठ पाहिली, मान डोलावली आणि वेग वाढवला.

पट्टा जुना होता, दोन ठिकाणी शिवलेला. वाढलेला वेग त्याला झेपला नाही. शिवण उसवली, पट्टा तुटून पडला आणि गयाबाई तिथेच थांबली. शेठने त्या हंगामात नवा पट्टा घेतला असता तर ती थांबली नसती. म्हणून शेठच्या चिकटपणाबद्दल मी फार बोलत नाही.

कापसाच्या ट्रकमध्ये घालून तिला परभणीच्या दवाखान्यात नेलं. मग इंजिनवाला धावत शेडमध्ये आला. गफूर मिस्त्री त्याचं नाव, वयाने आमच्या भावाएवढा. पूर्णेकडचं एक जिन बंद पडलं तिथून तो त्याच हंगामात आमच्याकडे आला होता. बायांनी त्याला घेरलंच.

"मुडद्या, मूठ दिसली न्हाई का तुला?" कौसाबाई ओरडली.

"दिसली ना मावशी! मूठ दिसली म्हनून तर जोर लावला!" तो रडायच्या बेतात आला होता. "आमच्याकडं मूठ म्हंजे पट्टा सैल पडलाय, जोर लावा. थांबायचं आसलं तर दोन्ही हात आडवे करतेत. तुमच्याकडं मूठ म्हंजे थांब हाय, हे मला कोन सांगितलं?"

कोणीच सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हे कोणाला सुचलंच नव्हतं.

जिन म्हणजे काय हे आता पुष्कळांना सांगावं लागतं, म्हणून सांगते. शेतातून आलेल्या कापसात सरकी असते. सरकी वेगळी करून रुई काढायची, हे जिनाचं काम. ते यंत्र म्हणजे रेचा. एक चामड्याचा रूळ फिरतो, त्याला लागून लोखंडी पातं असतं. रूळ रुई ओढून घेतो आणि सरकी खाली पडते. आमच्या शेडमध्ये रेच्यांच्या दोन ओळी होत्या. एक लांब लोखंडी दांडा सगळ्या शेडमधून फिरायचा आणि त्याच्यावरून प्रत्येक रेच्याला पट्ट्याने गती यायची. रेच्याला कापूस चारायला बाया. हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि होळीच्या आसपास संपायचा. दुष्काळाच्या वर्षी मी खडी फोडली होती; त्यापुढे रेचा म्हणजे सावलीतलं काम, म्हणून मी त्यात शिरले. सेलूच्या बाजूचं हे जिन. त्याचं नाव लिहीत नाही. शेठची नातवंडं आहेत, त्यांनी माझं काही वाईट केलेलं नाही.

रेचे चालू झाले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून हाताने बोलायचं. कोणी शिकवत नसे. नवी बाई दोन आठवड्यांत आपोआप बोलायला लागायची. मूठ म्हणजे थांब. तळहात पालथा म्हणजे कापूस कमी घाल. कोपराला हात लावला की तेल पाहिजे. या झाल्या कामाच्या. बाकीच्या आमच्या होत्या. कानाची पाळी ओढली की कडूबा मुकादम आला, कारण त्याच्या कानात बाळी होती. छातीवर दोन बोटं म्हणजे पोराला पाजून येते, माझा रेचा बघ. कौसाबाईला तर हाताने चहाडी करता यायची. कोणाच्या सुनेने काय केलं ते ती शेडच्या या टोकावरून त्या टोकाला कळवायची, आणि तिकडची हसली की कळायचं, पोचलं.

पाण्याच्या खुणा दोन होत्या, कारण माठ दोन होते. आम्ही बौद्ध वस्तीतल्या बाया एका माठाचं पिणार, गावातल्या बाया दुसऱ्या. हाताचं बोलणं मात्र सगळ्यांचं एक होतं. शेडमध्ये तेवढंच एक होतं.

आठवड्याने मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना कापसाच्या ढिगाजवळ बोलावलं. माणूस वाईट नव्हता. गयाबाईला पाहायला तो परभणीला स्वतः जाऊन आला होता. शेठ गेला नाही.

"हे पुन्हा होऊ द्यायचं नाही," तो म्हणाला. "या गावात एक खूण, त्या गावात दुसरी, हे बंद. सगळ्या खुणा ठरवून पाटीवर रंगवून घेऊ. पाटीवर आहे तीच खूण करायची, दुसरी नाही. आता मला सांगा, तुमच्या कोणकोणत्या खुणा आहेत?"

कौसाबाईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"अहो, सांगा की!"

"साहेब, आमी बाया हाव," कौसाबाई म्हणाली. "बायांचे हात हालतेतच."

"पारूबाई, तुम्ही चौथी शिकलेल्या. तुम्ही सांगा."

मी कामाच्या तेवढ्या सांगितल्या. कानाची पाळी सांगितली नाही, कारण बाळीवाला समोरच उभा होता. पाण्याची एकच सांगितली. आता कोणी विचारेल, बाई मरता मरता वाचलेली असताना तुम्ही लपवाछपवी करत होता? हो, करत होतो. थांब ही खूण पक्की व्हावी असं मलाही वाटत होतं. पण थांब एवढंच ठरवायचं होतं तर सगळ्या कशाला विचारल्या? आमच्या हातांचं बोलणं कडूबाला कळलं की पोर पाजायला कोण जातं तेही कळणार होतं. आणि दुसरी गोष्ट मला खटकली. खूण एकदा पाटीवर गेली की उद्या कोणी मेलं तर पहिला प्रश्न हाच, पाटीप्रमाणे खूण केली होती का? केली नसेल तर चूक मेलेलीची. पट्टा शिवलेला होता का, हे मग कोण विचारतंय? तो आणीबाणीचा हंगाम होता. भिंतींवर पाट्या फार लागत होत्या आणि पाटीला उलट विचारायची सोय नव्हती.

गफूर मिस्त्री मात्र पाटीच्या बाजूने होता.

"बाई, मी तीन जिनं फिरलो," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "हर जिनात थांब म्हनायची तऱ्हा न्यारी. मी काय हर ठिकानी एक बाई मारून शिकू का?"

"पन तऱ्हा कोनाची धरायची? तुमची का आमची?"

"कुनाचीबी धरा. एक धरा."

"असं कसं कुनाचीबी? तुमचे हात आडवे करायचे तर दोन्ही हात रिकामे लागतेत. माझा एक हात रेच्यात गेला तर मी आडवं काय करू, पाय?"

"आन तुमची मूठ? रुईच्या तुसाचा धूर आसतोय, खिडकीतून मूठ दिसते का टोपलीचा कान, कळत न्हाई. आडवे हात दुरून दिसतेत."

त्याचंही खरं होतं. आम्ही दोघं तिथेच भांडत राहिलो. मग कौसाबाई मिश्री थुंकून म्हणाली, "कशाला भांडायलाव? घरात साप निघाला, गंजीला आग लागली तर काय करतेत? बोंब मारतेत. उलटा हात तोंडावर मारला की सगळ्याला कळतंय. एक हात लागतोय, दोन्हीतला कोनताबी. आन तोंडावर हात हालतोय तो दुरून दिसतोय. ह्याला पूर्णा काय आन सेलू काय!"

गफूर मिस्त्रीने स्वतःच उलट्या हाताने तोंडावर मारून पाहिलं आणि तो हसला. "मावशी, हे तर मला लहानपनापासून येतंय."

मॅनेजर साहेबांनाही पटलं. ते शेठकडे गेले आणि तोंड पाडून आले. शेठ म्हणाला होता, माझ्या जिनात बोंब नको. लक्ष्मीची जागा आहे, शिमगा नाही. बाहेरून व्यापारी येतात, त्यांना भिंतीवर बाई बोंब मारताना दाखवू का?

मग परभणीहून पेंटर आला. त्याने पाटी रंगवली ती मला अजून डोळ्यांपुढे दिसते. पाटीवर सगळे हात पुरुषांचे. पांढऱ्या शर्टाच्या बाह्या, आणि एका हातात घड्याळ. रेच्यावर घड्याळवाला हात कधी कोणी पाहिला असेल तर मला सांगावं. थांब म्हणजे दोन्ही हात डोक्यावर आडवे. पाणी एकच. पाटी लागली, माठ दोनच राहिले.

पाटी लावली ती मुकादमाच्या खुर्चीमागच्या भिंतीवर. इंजिनखोलीतून ती दिसत नव्हती. म्हणजे पाटी कोणासाठी होती ते समजून घ्या. कडूबा आता खुर्चीवर बसून हात बघायचा. कोणी पाटीबाहेरची खूण केली की उभा राहायचा.

"ए, ती काय केलीस? भिंतीवर हाय का?"

"माशी हाकलली, मुकादम."

"माशीची खूण भिंतीवर हाय का?"

दुसऱ्यांदा दिसली तर घरी बसवीन, अशी धमकी. इंजिनवाल्यालाही हुकूम होता की पाटीवरची खूण दिसल्याशिवाय इंजिन थांबवायचं नाही, कारण एकदा थांबवलं की पुन्हा चालू करायला वेळ आणि तेल जातं. बाया एकमेकींवर संशय घ्यायला लागल्या. कानाच्या पाळीचं मुकादमाला कोणी सांगितलं? कारण त्याने एक दिवस कानातली बाळीच काढून ठेवली. कोणी म्हणे गफूर मिस्त्रीने सांगितलं. मला ते पटलं नाही, पण त्यावर मी पैजही लावली नसती. त्या दिवसांत मी कौसाबाईवरसुद्धा डोळा ठेवून होते.

संक्रांतीनंतर गयाबाई परत आली. वाचली होती. गळ्याभोवती पट्ट्याचा काळा वळ, आणि दोन्ही हात डोक्यावर जात नव्हते. डावा कसाबसा हनुवटीच्या वर यायचा. तिला घरी खाणारी तोंडं होती आणि रेचा चालवणं आता जमणार नव्हतं. मॅनेजर साहेबांनी तिला खिडकीजवळ बसवलं. सरकी निवडायची आणि शेडमधली खूण खिडकीतून इंजिनखोलीत पोचवायची.

कडूबा म्हणाला, "साहेब, हिचे हात आडवे होत न्हाईत. पाटीवरची खूण हिला जमत न्हाई. हिला तिथं बसवून काय उपयोग?"

"बसू द्या," साहेब म्हणाले. "बाकीच्या आहेत ना."

बाकीच्या होत्या, पण खिडकीतून दिसायची ती गयाबाईच. बाकीच्यांच्या आणि खिडकीच्या मधे रुईचा धूर. हे साहेबांना दिसलं नाही असं मला वाटत नाही. दिसलं असेल आणि ते गप्प बसले असतील. किंवा नसेलही दिसलं. भल्या माणसाचंही सगळं कळत नाही.

मग एक दिवस माझ्यावरच वेळ आली. माझं डाव्या हाताचं बोट आदल्या दिवशी विळ्याने कापलं होतं. त्यावर चिंधी गुंडाळून मी कामावर आले, ती रुळाने धरली. चिंधी आत गेली, तिच्यामागे बोट. दुखलं नाही, आधी नुसती ओढ लागली. कोणीतरी लुगड्याचं टोक धरून ओढावं तशी. माझा उजवा हात रिकामा होता. मी पाटीकडे पाहिलंही नाही. हात आपोआप तोंडावर गेला आणि मी बोंब मारायला लागले, आवाजासकट, ऐकू कोणाला जाणार होतं! कौसाबाईने मान वळवली आणि तीही मारायला लागली. तिच्या पुढच्या काही जणींनी बोंब केली, काही जणींनी मुकादमाकडे बघून हात आडवे केले. मला एवढंच दिसलं. मग रूळ थांबला.

इंजिन बंद पडल्यावर शेडमध्ये जी शांतता होते ती ज्याने ऐकली नाही त्याला सांगता येत नाही. त्या शांततेत अजून चार-पाच बाया बोंब मारत होत्या आणि आता ती ऐकू येत होती. शेठच्या लक्ष्मीच्या जागेत भर दुपारी शिमगा.

पातं उचलून माझा हात काढला. डाव्या हाताची दोन बोटं गेली. पूर्ण हात जाणार होता.

मॅनेजर साहेब धावत आले. कडूबाने लगेच सांगितलं, "पाटीनं वाचवलं साहेब. हात आडवे केले बायांनी, मी सोता पाह्यलं."

"मिस्त्री, तुम्हाला काय दिसलं?" साहेबांनी विचारलं.

गफूर मिस्त्री दारात उभा होता, हात काळे. त्याने एकदा कडूबाकडे पाहिलं, एकदा खिडकीकडे. "साहेब, काहीतरी दिसलं. मी थांबवलं."

"पाटीवरची खूण होती का?"

"काहीतरी होती."

मग पाटीने वाचवलं असंच ठरलं. पुढच्या हंगामाआधी दसऱ्याला रेच्यांना आणि इंजिनाला हळदकुंकू लावलं तेव्हा पाटीलाही झेंडूची माळ घातली. मी तेव्हा तिथे होते. बोटं गेलेली बाई सरकी निवडायला चालते.

गफूर मिस्त्री नव्हता. त्या हंगामात त्याला बोलावणं गेलंच नाही. विजेची मोटार येणार, इंजिन बंद होणार म्हणून, असं सांगितलं. मोटार आली ती आणखी दोन हंगामांनी. तोपर्यंत मुकादमाच्या मेहुण्याने इंजिन चालवलं.

पुढे एकदा देवगाव फाट्यावर एसटीची वाट बघताना तो भेटला. पालमकडे एका पिठाच्या गिरणीत लागला होता. अंगावर पीठ होतं, आणि मी म्हणाले, मिस्त्री, रुईतून सुटलात ते पिठात पडलात. तो हसला. मग मी त्याला विचारलं, इतके दिवस मनात होतं ते. त्या दिवशी नक्की काय दिसलं होतं?

"बाई," तो म्हणाला, "त्या खिडकीत गयाबाईबिगर कोन बसत होतं? आन तिचा हात कुठवर जातोय?"

"मग साहेबांना तवाच का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं आसतं तर तिला खिडकीतून उठवलं आसतं. पाटीवरची खूण येत न्हाई म्हनून." त्याची एसटी आली. चढता चढता म्हणाला, "पाटी पाहिजे, बाई. मी आजबी म्हनतो, पाहिजे. पन लिहिनाराचा हात रेच्यात जाऊन आलेला पाहिजे."

मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. हात जाऊन आलेलाही खुर्चीवर बसला की कडूबा होतो. कडूबाने तरुणपणी रेचा चालवला होता.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण माझी नात. ती पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. ती म्हणते, आजी, यंत्राला हुकूम द्यायच्या आमच्या भाषा असतात. एका यंत्रावर दिलेला हुकूम दुसऱ्यावर वेगळंच काही करतो. म्हणून भाषेचे नियम सगळ्यांनी बसून एकदाच लिहून टाकायचे की ज्याने त्याने आपलं चालवायचं, यावर आमच्यात भांडणं होतात. मी म्हटलं, यात नवीन काय? मूठ आणि आडवे हात.

"मग तुझं मत काय?" तिने विचारलं.

"लिहायला कोण बसतं?"

"मोठ्या कंपन्यांची माणसं जास्त. काही मास्तर लोक. काम करणारे थोडे."

"पाटी कोणाच्या खुर्चीमागे लावतात?"

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करते. मी गंमत करत नव्हते. थांब ही खूण सगळीकडे एकच असावी आणि ती लिहिलेली असावी, हे मी दोन बोटं देऊन कबूल करते. बाकीच्या खुणा लिहून घ्यायला कोणी आलं तर आधी तो कोणाच्या पगारावर आहे ते विचारावं. आणि जी खूण लोकांना आईच्या पोटातून येते ती शोभत नाही म्हणून गाळली, तर ती पाटी भिंतीच्या शोभेची.

जिन आता नाही. शेडच्या जागी मंगल कार्यालय आहे. तिथे मी एका लग्नाला गेले होते. बँडमुळे कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. पंगतीत समोर गयाबाई बसली होती. तिने छातीवर दोन बोटं लावली, पोराला पाजून येते, आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसलो.

कौसाबाई वारली. कडूबा वारला. मॅनेजर साहेब बदलून गेले, त्यांचं पुढे कळलं नाही. गफूर मिस्त्री पालमलाच वारला. त्या ओळीतल्या बायांपैकी आता गयाबाई आहे आणि मी आहे.